पिशयेत काय हाडलंस?

मालवणात रविवारी सकाळी मासळी घेऊन घरी परतणाऱ्या माणसाला खासगी आयुष्य म्हणून काही उरत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे; तरीही गेल्या रविवारी भर रस्त्यात माझ्या बांगड्यांची जी शोभा झाली, ती मला अजून पचलेली नाही. बांगडे मात्र उत्तम पचले, कारण ते ताजे होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाच्या बाकड्यावर एक निवृत्त मास्तर बसतात. हयातभर त्यांनी भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर समोरून जाणाऱ्या प्रत्येक पिशवीची तपासणी आपणहून अंगावर घेतली. "पिशयेत काय हाडलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न आणि "केवढ्याक?" हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाला बरोबर उत्तरच नाही. खरा भाव सांगितला तर "फसवल्यान रे तुका!" असा निकाल लागतो आणि पन्नास रुपये कमी करून सांगितला तर "मगे ते कालचे आसतले" असा. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात तरी सुटका व्हावी, तर ते सुक्या बांगड्यांची पुडीही उघडायला लावतात.

या वेळी मी तीनशे रुपयांचा वाटा घेतला होता आणि खरे तेच सांगितले. मास्तरांनी एक बांगडा शेपटीला धरून बाहेर काढला, उन्हात धरला आणि म्हणाले, "डोळो बघ, डोळो. तुझ्या बापाशीक मासो कळायचो." नेमक्या त्याच क्षणी पुण्याची एक मोटार तारकर्लीचा रस्ता विचारायला थांबली. मास्तरांनी रस्ता सांगितला नाही. हातात नमुना असताना आणि समोर नवा वर्ग भरलेला असताना त्यांच्यातला शिक्षक गप्प बसणे शक्यच नव्हते. त्यांनी मालवणी बाजूला ठेवून शुद्ध पुस्तकी मराठी धारण केली आणि खिडकीतून बांगडा आत सरकवीत म्हणाले, "ताई, मासा घेताना असा घेऊ नये."

गाडीतल्या बाईंनी धीर करून बांगड्याच्या पोटावर बोट दाबून पाहिले आणि विचारले, "काका, याला वास का येतोय?"

"मासा आहे तो," मी म्हणालो. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मागच्या आसनावरच्या मुलाने तो मेला आहे का असे विचारले, तेव्हा "फार पूर्वी" असे मास्तरांनी गंभीरपणे सांगितले. बाईंच्या यजमानांनी बांगड्याचे छायाचित्र घेतले. कल्ले नीट दिसावेत म्हणून मास्तरांनी ते स्वतः उचलून धरले. कल्ले लालभडक होते. हे मी मोठ्याने म्हणालोही, पण मास्तरांच्या मते लाली हा पुरावा नसून मासेवालीचे कसब होते. अशा परीक्षकापुढे बांगडा जिवंत उडी मारता तरी नापासच झाला असता.

माझ्या वडिलांना मासा कळत असे, हेही पूर्ण सत्य नाही. त्यांच्या लहानपणी किनाऱ्यावर रापणीचे मोठे जाळे ओढायला हात लावला की ओंजळभर मासळी फुकट मिळे, त्यामुळे पारख करण्याची वेळच येत नसे. पुढे विकत घेऊ लागले तेव्हा ते आईला नेहमी खरी किंमत लपवून कमी सांगत, आजी पडवीत बसून प्रत्येक बांगड्याला बोट लावून नाक मुरडत असे, आणि दुपारी तिरफळे घातलेल्या कढीवर सगळ्यात जास्त भात तीच खात असे. तपासणी तेव्हाही होतीच, पण ती घरात होत असे.

आणि भाव चढतो त्याला मी काय करणार? 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागली की सरंगा, इसवण असे भारी मासे आधी हॉटेलांत जातात आणि गावच्या माणसाला बांगड्यासाठीही खिसा चाचपावा लागतो. 2016 मध्ये राज्य सरकारने मासळीचा थवाच घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने मासळीला भुलवणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, तरी लहान होडीवाल्यांचे गाऱ्हाणे धक्क्यावर दर हंगामात ऐकू येतेच. याचा जाब कोणी बाकड्यावर बसून विचारीत नाही. जाब मला विचारला जातो, कारण पिशवी माझ्या हातात असते.

शेवटी बाईंनी विचारले, "मग चांगला मासा मिळतो कुठे?" मास्तरांनी क्षणाचाही विलंब न लावता ज्या मासेवालीकडून मी बांगडे घेतले होते, तिचाच पत्ता दिला आणि "माझे नाव सांगा" असे बजावले. मग माझा बांगडा माझ्या पिशवीत परत टाकून त्यांनी हात माझ्याच पिशवीला पुसले.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती मासेवाली भेटली. फार खुशीत होती. "मास्तरांनी गिऱ्हायकां बरी धाडल्यानी," ती म्हणाली. "चारशे सांगितलंय, चारशे दिल्यानी, एक शब्द बोलाक नाय." मी तीनशेची आठवण करून दिली, तेव्हा तिने पदर खोचला आणि म्हणाली, "ता काल. आता ह्याच भावान घेवचे लागतले, भाऊ."