इंपोर्टेड गाडीची गळती कशी टिकवावी

पहिली गोष्ट, तिला गळती म्हणू नका. 'जरासा वास येतोय' म्हणा. गळती नळाला लागते, गच्चीला लागते, फार तर शेजाऱ्याच्या स्कूटरला लागते. आतेभावानं जपानमधली नोकरी संपवून परतताना सोबत आणलेली आणि पुढे तुम्हाला 'घरातल्या घरात' विकलेली गाडी गळत नसते. ती सुगंध सोडते.

हा सुगंध पहिल्यांदा कळतो पंपावर. नोझल 'खट्' करून आपोआप बंद झालं की आमच्या इंदुरात पंपावरचा पोरगा विचारतो, "भिया, राउंड फिगर कर दूँ?" नाही म्हणू नका. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. टाकी भरून पेट्रोल तिथवर चढलं की भोक बुडतं आणि आतला खटका पडतो. म्हणजे 'पुरे' असं ते यंत्र स्वतः सांगत असतं. पण जेवायला बसलेल्या पाहुण्याचं 'पुरे' आपण कधी ऐकलंय? २७४० चे २८०० होईतो पेट्रोल टाकीतून वर चढत फिलर पाइपच्या, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंतच्या नळीच्या, गळ्याशी येतं, आणि पाइपाला भोक पडलेलं असतं नेमकं तिथे. तुम्ही राजेंद्रनगरला पोचेपर्यंत मागच्या चाकाशी ओली रेघ उमटते, आणि टॉर्च आणून वाकेपर्यंत वाळतेही. पेट्रोल पुरावा ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नका. फक्त सकाळी कचरागाडी दारात येते तेव्हा सावध असा, कारण तीवरचा माणूस अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतो, "बाबूजी, गाड़ी से कुछ टपक रहा है." स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिल्या आलेल्या गावात हा एक ताप आहे, लोक जमिनीकडे बघतात.

आता उपचार. सर्वांत लोकप्रिय उपचार म्हणजे टाकी भरायचीच नाही. गळ्याशी पेट्रोल गेलंच नाही तर गळेल कुठून? रोज ३०० रुपयांचं टाका, काटा पावाच्या वर जाऊ देऊ नका. पंपावरची पोरं तुम्हाला नावानिशी ओळखू लागतील. यात आणखी एक फायदा दडलेला आहे. पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनंच थंड राहतो. त्याला महिनोन् महिने जवळजवळ कोरडा ठेवलात की तोही आचके देऊ लागतो. मग दोन भाग परदेशातून मागवायचे होतात.

दुसरा उपचार सायकलच्या ट्यूबचा. ट्यूब चिरून पट्टी काढायची आणि पाइपभोवती पगडीसारखी करकचून गुंडाळायची. दोन दिवसांत ती पेट्रोल पिऊन भिजलेल्या साबुदाण्यासारखी फुगते. दोन कांड्या मळून लावायचा तो मसाला ओल्या गंजावर लावला तर पापुद्र्यासकट गळून येतो, आणि बाथरूमच्या फरशीत भरतात ते सिलिकॉन पेट्रोलपुढे जेमतेम आठवडा टिकतं. मी हे सगळं आळीपाळीनं केलंय, म्हणून अधिकारानं सांगतो.

कपड्याच्या साबणाची गोष्ट मात्र न्यारी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे फटीवर घासून चोळला की गळणं खरोखर थांबतं. ट्रकवाल्यांची ही जुनी विद्या आहे, पुढच्या गॅरेजपर्यंत पोचण्यापुरती. मी तिच्यावर एप्रिल आणि मे काढला. जूनमधल्या पहिल्या सरीला गीताभवनच्या सिग्नलवर उभा होतो, तर मागच्या चाकातून पांढराशुभ्र फेस यायला लागला. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून निरखून पाहिलं आणि विचारलं, "भिया, मंजन करवा रहे हो क्या?"

इथे दोन मिनिटं चेष्टा बाजूला. कुणी म्हणेल, टाकी रिकामी करू आणि जागच्या जागी वेल्डिंगचा टाका मारू. त्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा. भरल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, कारण तिच्यात पेट्रोल नसलं तरी वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं, आणि पेटतं ते तेच. पेट्रोल उणे ४० अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात अधिक ४० असतात. ही वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून वर उडून जात नाही, बंद गॅरेजच्या जमिनीलगत साचते. अशा गॅरेजात बंब पेटवू नका, गाडीजवळ विडी ओढू नका, आणि वास येत असताना बटण दाबून दिवाही लावू नका. एवढंच. चेष्टा पुन्हा सुरू.

तर मूळ पाइप मागवायचा. परदेशातला विक्रेता तुमच्याकडे १७ अक्षरांचा नंबर मागेल. जपानच्या स्वतःच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला तसा नंबर नसतो, त्याहून आखूड फ्रेम नंबर असतो. तो कळवलात की उत्तर येईल, 'नंबर अपुरा आहे, पुन्हा तपासा.' पुन्हा तपासा. चार महिने असे आनंदात जातात. या काळात दोष इथेनॉलवर ढकला. २०२५ साली पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर गेलं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, हे खरंही आहे, त्यामुळे कुणी वाद घालणार नाही. माझा पाइप लोखंडी होता, ही बारीकसारीक गोष्ट मी चारचौघांत काढली नाही.

कुणी फारच हिणवलं तर इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांना पुढे करा. १९३० च्या दशकात महाराजांनी डुसेनबर्गची चासी अमेरिकेतून घेतली आणि तिच्यावर बॉडी इंग्लंडात चढवून घेतली. इंदूरकराला इंपोर्टेड गाडीचा शौक हा असा वारशानं मिळतो. त्यांचा माणिकबाग राजवाडा पुढे सरकारी करखात्याचं कार्यालय झाला, हा भाग सांगायची गरज नाही. आणि गाड्या नि गाड्यांचे भाग बनवणारं पीथमपूर इथून तासाभरावर आहे, हे तर मुळीच बोलू नका. गाडीची इज्जत जाते.

तरी शेवटी कुणीतरी तुम्हाला धरून उस्तादाकडे, म्हणजे गाडीच्या मिस्त्रीकडे, नेतंच. मला बायकोनं नेलं. आठ महिने ती काच खाली करून आणि पदर नाकाला लावून बसत होती, तिचा संयम राऊच्या फाटकाशी संपला. उस्तादानं परदेशी भागाची कहाणी निम्मीसुद्धा ऐकली नाही. मागचं चाक काढलं, चाकावरच्या प्लास्टिकचे स्क्रू सोडले आणि ते खाली ओढलं. आतून दोन ओंजळी चिखल पडला. काळा, ओला, त्यात कडुनिंबाची पानं आणि बोटभर उगवलेलं गवत. पाइप पट्टीनं जिथे बॉडीला आवळला होता तिथे हा चिखल कित्येक पावसाळे ओल धरून बसला होता. उस्तादानं अंगठा लावला तर पाइपाचा तुकडा पापडासारखा मोडून त्याच्या हातात आला. तो त्यानं माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाला, "ये जापान का नहीं है बाऊजी. ये आपके खंडवा रोड का कीचड़ है."

जुना पाइप नमुन्याला देऊन त्यानं लोखंडी पाइप तसाच नवा वाकवून घेतला, गाडीपासून लांब, दुसऱ्या दुकानात. टाकीकडची रबरी नळी आणि तिच्या शेजारची बारीक हवेची नळी दोन्ही बदलल्या. मी डिकीतून जपून ठेवलेला रेडिएटर नळीचा तुकडा काढून दाखवला, तेव्हा तो हसला. दिसायला सारखी असली तरी पाण्याची नळी पेट्रोलात फुगते. पेट्रोलची त्यानं सियागंजातून आणवली, दोन चांगल्या क्लॅम्पसह. पाइपाला रंगाचे दोन हात दिले. दुपार गेली आणि १८५० रुपये गेले.

हे तुमच्या बाबतीत घडलं तर वाच्यता करू नका. पोहे-जलेबीच्या गाडीवर कुणी विचारलं तर 'ओसाकाहून आला एकदाचा' म्हणा आणि पोह्यांवर जिरावन मसाला मागा. मी तसंच सांगत होतो. गोष्ट पसरत पसरत पुण्याला पोचली, आणि परवा आतेभावाचा फोन आला. म्हणाला, "ऐकलं ओरिजिनल पाइप बसवलास. देतोस का गाडी परत? घरातल्या घरात."