खुर्ची आधी भिंतीला टेकवा
नुकत्याच वाचलेल्या एका लेखात गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी खुर्चीच्या आधाराने करायचे व्यायाम सुचवले आहेत, ते योग्यच आहेत. परंतु खुर्ची कशी असावी, याचा उल्लेख राहून गेला आहे. माझ्या ७८ वर्षांच्या आईची प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर मागे सरकली आणि ती पडता पडता वाचली. तेव्हापासून आम्ही हात असलेली जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवतो आणि आई पायमोजे काढूनच व्यायामाला बसते.

उठताना आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत आणि नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे वाकून, श्वास सोडत उठावे. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब एकदम वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास उभे राहताच चक्कर येऊ शकते, म्हणून लगेच पाऊल न टाकता खुर्चीपाशीच क्षणभर थांबावे, म्हणजे गरज पडल्यास पुन्हा बसता येते.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. आईने दिवसाला ३ वेळा खुर्चीवरून उठण्यापासून सुरुवात केली होती. आता ती कमोडवरून कोणालाही हाक न मारता उठते.