बैठकीची जागा पार्किंग पाहून का ठरावी?

नागपुरात मित्रमंडळींची बैठक कुठे ठेवायची अशी चर्चा व्हॉट्सॲप गटावर सुरू झाली की पहिला प्रश्न पार्किंगचा निघतो, आणि पार्किंग म्हणजे कारचे पार्किंग हे सगळ्यांनी गृहीतच धरलेले असते. मग रूफटॉप आहे का, गाणी कोणती लावतात, फोटो चांगले येतात का, हे सगळे विचारून होते. रोज सायकलने कामावर जाणाऱ्या माणसाने तिथवर यायचे कसे, आणि मुख्य म्हणजे रात्री घरी परतायचे कसे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पब असो, बार असो की साधे परमिट रूमवाले रेस्टॉरंट असो, ज्याचा परतीचा रस्ता सर्वांत अवघड आहे त्याच्या सोयीपासून निवडीला सुरुवात व्हावी. कारवाला कुठेही पोहोचतोच.

आमच्या गटातली माणसे प्रतापनगर, सदर, वर्धमाननगर आणि मनीषनगर अशी शहरभर विखुरलेली आहेत. नकाशावर मधली जागा शोधली तर बोट सीताबर्डीवर पडते. पण संध्याकाळी सातला व्हेरायटी चौकातून ज्याने सायकल काढली आहे, तो पुन्हा सीताबर्डीचे नाव घेणार नाही. म्हणून मी धरमपेठेचा आग्रह धरतो. प्रतापनगरहून लक्ष्मीनगर, बजाजनगर असे आतल्या रस्त्यांनी येता येते, सदरवाल्यांना सिव्हिल लाइन्समधले रुंद आणि त्या मानाने शांत रस्ते मिळतात, आणि वर्धमाननगरचा मित्र आंबेडकर चौक स्थानकावर मेट्रोत बसून शंकरनगर चौकात उतरतो. मेट्रोत सायकल सोबत नेता येते, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नाही. शेवटची गाडी मात्र रात्री दहाच्या सुमारास सुटते, त्यामुळे बैठक सातला सुरू होऊन साडेनऊला आटोपली पाहिजे. नऊला जमायचे आणि एकपर्यंत बसायचे, हा बेत ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यालाच परवडतो.

रात्रीच्या रस्त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण कारच्या काचेआडून तो दिसत नाही. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते झाले, ते टिकाऊ आहेत, डांबरी रस्त्यांसारखे दर पावसाळ्यात उखडत नाहीत, हे मान्य आहे. परंतु सिमेंटचा पट्टा संपून बाजूचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, सुरू होतात तिथे दोन्हींची पातळी क्वचितच जुळते. गट्टू कुठे बोटभर खाली दबलेले असतात, कुठे निखळलेले असतात. मागून येणारी गाडी हॉर्न देत कडेला रेटते, समोरून हेडलाइटचा झोत डोळ्यांवर येतो आणि नेमक्या त्याच वेळी पुढचे चाक त्या फटीला समांतर जाऊन अडकते. चाक आडवे घालून ती कड ओलांडायची असते, हे दिवसा हातांना आपोआप कळते. दोन पेग झाल्यावर कळत नाही.

आणि इथेच आमच्यातल्या काहींशी माझे पटत नाही. मोटार वाहन कायद्यातले कलम १८५, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल असल्यास शिक्षा, हे मोटार वाहनांना लागू आहे. सायकल त्यात बसत नाही. हे वाचून काहींनी सायकल म्हणजे पिण्याचा परवाना असल्यासारखे बोलायला सुरुवात केली आहे. कलम लागू नसले म्हणून तोल जायचा राहत नाही, आणि नशेत रस्त्यावर धिंगाणा घातला तर १९४९ चा दारूबंदी कायदा आहेच. ज्याला प्यायची आहे त्याने सायकल घरी ठेवून मेट्रोने यावे, किंवा सायकल तिथेच कुलूप लावून ठेवावी आणि रिक्षाने परतावे. त्यासाठी ती रात्रभर सुरक्षित राहील अशी जागा लागते, आणि ती मिळणे सोपे नाही.

बारच्या दारातला गार्ड सायकल पाहिल्याबरोबर हात हलवतो. ‘साहब, सायकल उधर लगाओ, ठेले के पीछे.’ उधर म्हणजे पानठेल्यामागे, जनरेटरच्या शेजारी, जिथे दिवा नसतो आणि कुलपाची साखळी अडकवायला एक खांबही नसतो. तोच गार्ड कारसाठी शिटी वाजवत अर्धा रस्ता अडवून धरतो. माझा त्याच्यावर राग नाही. सायकलवर येणारा माणूस आत बसून बिल भरणार आहे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. अनुभवाने सापडलेला उपाय असा की मागच्या गल्लीत, स्वयंपाकघराच्या दाराशी, वेटर आणि आचाऱ्यांच्या सायकली कुठे उभ्या आहेत ते पाहावे. तिथे खिडकीचे गज असतात, रात्री उशिरापर्यंत उजेड असतो आणि कोणी ना कोणी भांडी विसळत किंवा भाजी निवडत बसलेले असते. मॅनेजरला विचारून तिथे सायकल लावू देतात की नाही, यावरून मी त्या जागेची पारख करतो. मेनू नंतर पाहता येतो.

आतल्या गोष्टींबद्दल माझ्या अपेक्षा माफक आहेत. बोलणे ऐकू यावे. न पिणाऱ्याला निव्वळ सोडा घेऊन अडीच तास बसल्याबद्दल कोणी डोळे वटारू नयेत. गटात नुकतीच नोकरीला लागलेली बावीस-तेवीस वर्षांची मुले आहेत, आणि महाराष्ट्रात बीअरसाठी २१ व कडक दारूसाठी २५ वर्षे वयाची अट आहे, त्यामुळे जिथे जेवणही धड मिळते अशीच जागा बरी. बिल समान वाटून घेण्याची पद्धतही बंद करावी, कारण २०२३ मध्ये परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला आणि तो पनीर टिक्का खाणाऱ्याने का भरावा?

मे महिन्यात हे सगळे निकष बाजूला ठेवावे लागतात. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सूर्य मावळल्यावरही रस्ता भाजत असतो, आणि घामाने निथळत येऊन थंड बीअरने तहान भागवू पाहणे मूर्खपणाचे आहे. त्या दिवसांत बैठक फुटाळ्याच्या काठी ताकावर भागवावी, असा माझा प्रस्ताव दरवर्षी फेटाळला जातो.

राहिला मनीषनगरचा प्रश्न. वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर उड्डाणपूल झाला, पण सायकलवाल्याला खालूनच, खांबांच्या बाजूने वळणाऱ्या गाड्या चुकवत जावे लागते. धरमपेठ आमच्या सोयीची असली तरी मनीषनगरच्या दोघा मित्रांवर दर वेळी अन्याय होतो. तेव्हा एक बैठक आड छत्रपती चौक स्थानकाजवळ जमावे आणि त्या दिवशी आम्ही पश्चिमेकडच्यांनी सीताबर्डीला गाडी बदलून मेट्रोने जावे. त्या भागात मागच्या गल्लीत सायकल लावू देणारी जागा कोणाच्या पाहण्यात असेल तर मला कळवावे. पुढचा शुक्रवार अजून ठरलेला नाही.