गळ घातली, गळ घातला

वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत मी फक्त लोकांना गळ घातली. साहेबांना रजेसाठी, बँकेला कर्जासाठी, बायकोला दुसऱ्या चहासाठी. पाण्यात गळ घालायची वेळ माझ्यावर मेहुण्यामुळे आली.

मेहुण्याला कॅम्पिंगचं वेड. शनिवारी दुपारी तंबू गाडीत टाकायचा, नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरून मुंबईच्या रस्त्याला लागायचं, घोटीहून वळायचं आणि वैतरणेच्या पाण्याकाठी झोपायचं, हा त्याचा महिन्याचा नेम. तिथं मला काम काहीच नसे. तंबू तो ठोकायचा, चूल तो पेटवायचा. मी "काही मदत करू का" असं विचारत हिंडायचो आणि "दाजी, तुम्ही बसा" हे ऐकून बसायचो. एकदा असाच बसलो असताना पाण्यात काहीतरी उसळलं. मी म्हणालो, "मासे आहेत रे इथं." तो कांदा चिरता चिरता म्हणाला, "मग धरा की."

त्या तीन शब्दांपायी माझे साडेचार हजार गेले. रॉड, रील, तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी, शिशाचे मणी, पाण्यावर तरंगणारा लालभडक फ्लोट आणि डबीभर गळ.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. केसाएवढ्या फरकासाठी अख्खी पेटी परत पाठवणारा माणूस. आणि मला गळाला तंगूस बांधता येईना. पद्धत अशी : टोक गळाच्या डोळ्यातून ओवायचं, मूळ तंगुसाभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, टोक परत डोळ्यापाशी तयार झालेल्या फटीतून घालायचं आणि थुंकी लावून आवळायचं. थुंकी हवीच. कोरडी गाठ आवळली की घासून नायलॉन तापतो आणि नेमका तिथंच कच्चा पडतो. मी थुंकी भरपूर लावली, गाठ तेवढी बसेना. मुळात ओवण्यापाशीच घोडं अडायचं. रतनगडाचं नेढं मैलभरावरून दिसतं; गळाचं नेढं मला चाळीशी लावून, जीभ बाहेर काढून, उन्हाकडे धरूनही दिसत नव्हतं.

फेकण्याचा सराव सोसायटीच्या गच्चीवर केला. गळाऐवजी एक नट बांधला. तंगूस बोटानं धरायचा, रीलची तारेची कडी उघडायची, रॉड मागून पुढे आणायचा आणि बरोबर वेळेला बोट सोडायचं. बोट लवकर सुटलं तर नट आभाळात, उशिरा सुटलं तर पायावर. कडी उघडायलाच विसरलात तर तंगूस तुटतो आणि नट एकटाच गावाला जातो. माझा असाच एक नट शेजारच्या काकूंच्या कुरडयांत गेला. एप्रिल महिना, अर्धी गच्ची पांढरीशुभ्र.

"काय करताय हो?" काकूंनी विचारलं.

"मासे धरतोय."

काकूंनी आधी गच्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरी आहे का कोणी तुमच्या?" त्या एकदम मऊ आवाजात म्हणाल्या. तो नट पुढे सापडला की तळला गेला, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मग आमिष. गांडूळ हातात घेताना ते माझ्यापेक्षा जास्त शांत असायचं, म्हणून मी कणकेवर आलो. रोहू-कटल्याला तसंही कणकेचे गोळेच लावतात. त्यात भाजलेलं डाळीचं पीठ, बडीशेप आणि हिंग घालायचं, म्हणजे वास पाण्यात पसरतो. पाण्यात पसरायच्या आधी तो आमच्या घरात पसरला.

"हिंगाची डबी कुठाय?" बायको म्हणाली.

"माशांना नेली."

"अहो, आपण मासे जेवणार होतो की मासे आपल्याकडे जेवणार होते?"

जेवले असते तरी चाललं असतं. या माशांची पाण्यात मजल्यांची वाटणी असते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. रोहू मधे. मृगळ तळाशी, खाली मान घालून. तळ्यात हे तिघे एकत्र सोडतात ते याचसाठी, कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. मी फ्लोट वर-खाली सरकवून तिन्ही मजल्यांवर बेल वाजवून आलो. दार कोणी उघडलं नाही.

एक सांगायला हवं : धरणातले मासे बेवारशी नसतात. मासेमारी बहुतेक ठिकाणी ठेक्यानं मच्छीमार सोसायटीकडे असते, त्यामुळे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. दारणा धरण १९१६ सालचं. त्याच्या काठावर तेव्हापासून नाना प्रकारचे लोक बसले असतील, पण सोसायटीच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं ते नवीन काहीतरी पाहावं तसं. तो ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं काढून नुकताच काठाला लागला होता.

"भाऊ, एका गळाचे किती घेता?" मी पाकीट काढत विचारलं.

"आधी टाका तर खरं."

पहिल्या फेकीत माझीच टोपी गळाला लागून पाण्यात गेली. दुसरी फेक मागच्या बाभळीत अडकली. तिसरी पुढे गेली, पण तिच्यामागून रीलवरचा सगळा तंगूस भसाभस सुटून सुगरणीच्या खोप्यासारखा माझ्या मांडीवर येऊन बसला. मी गुंता सोडवायला घेतला. त्यानं दोन बिड्या संपवल्या, उठला आणि माझं पाकीट हळूच माझ्याकडे सरकवलं. "राहू द्या भाऊ," तो म्हणाला. "तुमच्याकडून काय घ्यायचं!"

मोसमाचंही गणित आमचं उलटं. आम्ही तंबू घेऊन निघतो ते थंडीत, जेव्हा निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर असतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गारठलं की तोही गारठतो, पचन मंदावतं, भूक मरते. म्हणजे वर आमचं वांग्याचं भरीत चाललंय आणि खाली त्याचा उपास. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यात हातानं सापडतात म्हणतात, पण तेव्हा मेहुण्याचा तंबू गळतो. पुढे श्रावण. श्रावणात आमच्याकडे मासा हा शब्दही काढत नाहीत. पंचांगात मीन रास आली की सासूबाई घाईनं पान उलटतात.

मधल्या काळात मी वाचन वाढवलं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिनं त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते. काठावर कोणी धपधप चाललं की तो आत सावध. हे समजल्यावर मी कॅम्पवर आवाजबंदी लागू केली. मेहुण्याचा स्पीकर डिकीत गेला. शेंगा फोडायच्या त्या तंबूत, पांघरूण घेऊन.

आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे, वैतरणेवर धुकं असताना, फ्लोट दोनदा डुचमळला आणि सरळ खाली गेला.

रॉड वाकला. दांड्यातून हातात आणि हातातून थेट छातीत काहीतरी धडधडत आलं. मी रील उलटी फिरवली, मग सुलटी, मग रॉड तसाच उचलून मागं पळालो. गवतावर येऊन पडली चिलापी. तळहाताएवढी. आता गाव गोळा होईल असं ओरडायला हवं होतं, पण आवाजबंदी माझीच होती. मी तंबूपाशी तोंड नेऊन कुजबुजलो, "अरे ऊठ, लागला! लागला!"

आतून झोपेतला आवाज आला, "कुठं लागलं, दाजी? मलम गाडीत आहे."

मासा गळावरून काढायचा कसा, हे मी शिकलोच नव्हतो. तशी गरज पडलेली नव्हती. चिलापीच्या पाठीवरच्या परात काटे असतात, ते डोक्याकडून शेपटीकडे हात नेत मिटवून धरायचे. मी शेपटीकडून धरली. मेहुणा ब्लँकेट गुंडाळून बाहेर आला तेव्हा मी अंगठा चोखत उभा होतो आणि पाण्यावर एक वर्तुळ मोठं होत होतं.

"खरंच लागलं की!" तो म्हणाला.

अंगठ्याला एक खवला चिकटून राहिला होता. पातळ, तुकतुकीत, कडेनं गोल. पुरावा म्हणून मी तो चहाच्या पुडीच्या कागदात गुंडाळून पाकिटात, आधार कार्डाच्या मागं ठेवला आणि नंतर विसरून गेलो.

आठवड्यानं भाजीवाला दारात होता. सुटे काढायला बायकोनं माझं पाकीट उघडलं. बराच वेळ आतून काही आवाज आला नाही. मग ती कागद तळहातावर घेऊन बाहेर आली.

"हे नख कुणाचं?"

"चिलापीचं," मी म्हणालो.

"ही कोण?"