मुक्काम नौपाडा, पुढे रत्नागिरी

फिरत्या नोकरीत काम चालू असेपर्यंत तुमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. काम संपलं आणि निघायला थोडे दिवस उरले, की तुम्ही सार्वजनिक मालमत्ता होता.

माझं ठाण्यातलं ऑडिट वेळेआधी उरकलं. पुढचा मुक्काम रत्नागिरी. पण कोकणच्या गाडीचं मे महिन्यातलं तिकीट अलीकडे ओढून घेणं मनुष्याच्या हातात नसतं. साठ दिवस आधी बुकिंग उघडतं आणि त्या सकाळी आठच्या ठोक्याला सगळे चाकरमानी बटणावर बोट ठेवून बसलेले असतात. म्हणजे मधले दिवस आयतेच पदरात पडले. नौपाड्यात आत्याकडेच राहत होतो. दुपारी पंखा पाचवर ठेवून झोपायचं आणि संध्याकाळी तलावपाळीच्या कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायचं, एवढाच माझा कार्यक्रम होता.

आत्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि फोन उचलला. "अगं, तो आता निघेपर्यंत मोकळाच आहे."

काकांनी सकाळी साडेसहाला उठवलं. ठाणे दाखवायचं म्हणाले आणि थेट स्टेशनवर घेऊन गेले. ज्या स्टेशनवर मी महिनोन्‌महिने रोज धक्के खाल्ले, ते स्टेशन काकांनी मला फलाटाच्या टोकाला उभं करून दाखवलं. "१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, चारशे पाहुणे. साहिब, सिंध आणि सुलतान, अशी तीन इंजिनं!" आवाज असा, की तिन्हींना कोळसा यांनीच घातला असावा. मी हिशेब केला. तीन इंजिनं लावून आणलेली ती चारशे माणसं आता सकाळच्या लोकलच्या एका डब्यात मावतात, आणि त्यातली बरीचशी दारातच उभी असतात. पहिल्या गाडीला सव्वा तास लागला होता, आज स्लो लोकलला तासभर लागतो. वाचलेली पंधरा मिनिटं पुलाचा जिना चढण्यात जातात. हे मी काकांना बोललो नाही. आत्याच्या घरी अजून जेवायचं होतं.

येताना मामलेदारची मिसळ झाली. मी "मीडियम" म्हटल्यावर काकांनी आजूबाजूला कुणी ओळखीचं ऐकत नाही ना ते बघून घेतलं.

दुपारची झोप हा विषय मात्र सविस्तर सांगायला हवा. नौपाड्यातल्या जुन्या इमारती सध्या एकेक करून रीडेव्हलपमेंटला चालल्यात. आत्याच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर पूर्वी आंबा होता म्हणतात, आता काँक्रीट फोडायचा ब्रेकर आहे. तो एक ते दोन बंद असतो, कारण मजूर जेवतात. मी बरोबर एकला आडवा झालो. एक वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी होते. "तुम्ही ऑडिटर ना? जरा बिल्डरची ऑफर बघता? कार्पेट एरियात काहीतरी गोम आहे." गोम होतीच. त्यांनी बाल्कनी दोनदा धरली होती आणि देवघर एकदाही नाही. त्यांना ते पटवेपर्यंत दोन वाजले आणि ब्रेकर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी एकला पुन्हा बेल. या खेपेला सेक्रेटरींबरोबर विरोधी गटही होता. मी उशीवर डोकं टेकण्याऐवजी इमारतीच्या कॉर्पस फंडात डोकं घातलं, आणि सगळ्यांनी चहाचे पैसे वाचवून आत्याचाच चहा घेतला.

तेवढ्यात घोडबंदर रोडवरून आतेबहिणीचा फोन. "दादा, इकडे ये रे. स्विमिंग पूल आहे, निवांत पड. अर्ध्या तासाचा तर रस्ता." हा अर्धा तास कोणी मोजला, कधी मोजला, त्या दिवशी कर्फ्यू होता का, याचा तपास व्हायला हवा. मेट्रोचे खांब बघत बघत बस माजिवड्यापर्यंत आली तेव्हा माझी डुलकी झाली, मानपाड्याला दुसरी झाली, आणि ठाण्यातल्या त्या सगळ्या दिवसांतली सलग झोप म्हणाल तर तेवढीच. पोचलो तर बहीण लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. तिने एका हाताने टॉवेल दिला आणि दुसऱ्या हाताने खाली जायची खूण केली.

स्विमिंग पूलवर वॉचमन होता. "टोपीशिवाय उतरता येणार नाही." मी विचारलं, का? म्हणाला, "केस पाण्यात जातात." माझं डोकं त्याला समोर दिसत होतं. गेली काही वर्षं त्यावर जाण्यासारखं काही उरलेलं नाही. मी नुसतं डोकं पुढे केलं. त्याने ते नीट, सहानुभूतीने पाहिलं आणि बोर्डावरच्या चौथ्या नियमावर काठी ठेवली. मग मी भर उन्हात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पोहणाऱ्या पोरांच्या चपला सांभाळल्या.

शेवटी लपायचं ठरवलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. इतक्या जुन्या संस्थेत नव्या माणसाला कुणी शोधणार नाही, असा माझा अंदाज. तिथे एक गृहस्थ पेपर तोंडावर धरून झोपले होते, दुसरे पेपर न धरताच. मीही एक दिवाळी अंक उघडून डोळे मिटले. पाचच मिनिटांत खांद्यावर टकटक झाली. पेपरवाले गृहस्थ. हे काकांचे मित्र निघाले. "रत्नागिरीला जाणारे ते तुम्हीच ना? बरं झालं भेटलात. जातच आहात तर..."

'जातच आहात तर'ने सुरू झालेलं वाक्य रिकाम्या हाताने संपत नाही. शेवटच्या संध्याकाळी आत्याच्या सोफ्यावर काय नव्हतं? मिक्सरचं भांडं होतं, कारण त्याचं झाकण रत्नागिरीत होतं. कुणाचे तरी गुडघ्याचे एक्सरे. कुंकू लावलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा, "दुमडायच्या नाहीत" अशा ताकिदीसह. आत्या एकेक वस्तू बांधत होती. आधी वर्तमानपत्र, मग धुऊन दोरीवर वाळवलेली दुधाची पिशवी, वर दोन रबरबँड, आणि शेवटी चिकटपट्टीवर बॉलपेनने नाव. चिकटपट्टीवर शाई धरत नसल्याने अर्ध्या नावांचे आधीच डाग झाले होते.

आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंची आंबापोळी. रत्नागिरीच्या नणंदेला. मी म्हटलं, "काकू, रत्नागिरीला आंबापोळी?" काकू म्हणाल्या, "ही देवगडच्या हापूसची आहे. तिला कळू दे." म्हणजे मी पार्सल नेत नव्हतो, युद्धाचा खलिता नेत होतो. त्यात काका पडले. २०१८ साली हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही आहे, तेव्हा देवगड-रत्नागिरीवाल्यांनी इतकं ताठ राहू नये, असं त्यांचं म्हणणं. काकू तेव्हापासून काकांशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, कारण आंबापोळी माझ्याकडे होती.

रात्री कोकणकन्येला अख्खी इमारत पोचवायला आली. सेक्रेटरींनी चालत्या गाडीबरोबर धावत खिडकीतून विचारलं, "पण देवघर कार्पेटमध्ये धरायचं की नाही?" मी "धरा!" ओरडलो. विरोधी गटाने ते टिपून घेतलेलं दिसलं.

कळवा मागे पडलं. मी पाय लांब केले. फोन वाजला. आत्या.

"अरे, एक सांगायचं राहिलं. तुझ्या बॅगेतनं मी ते—"

पारसिकचा बोगदा. सव्वा किलोमीटरचा आहे. एवढ्या अंधारात माणूस बॅगेतल्या सगळ्या वस्तू मनातल्या मनात दोनदा मोजू शकतो. दिवा स्टेशनचे दिवे दिसायला लागले आणि आवाज परत आला.

"...काढून ठेवलंय. ऐकतोयस ना?"

"काय काढून ठेवलंस?"

"तुझे दोन शर्ट, टॉवेल आणि ती निळी फाइल. आंबापोळी चेपत होती रे. तू काळजी करू नको. वरच्या काकूंचा भाचा महिनाअखेरीस चिपळूणला जाणार आहे, त्याच्याजवळ देते."

"अगं, पण मी रत्नागिरीला चाललोय!"

"मग चिपळूणला जाऊन घेऊन ये की. तेवढंच परशुरामाचं देऊळ बघून होईल."