हॉर्न वाजवू नका, पोरं चाललीत

आज दुपारी पाचगणीच्या बाजारात डोकं फिरलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप येणार नाही म्हणून लिहितोय. लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

शाळा उघडून फार दिवस झाले नाहीत. बोर्डिंगची लहान पोरं, तिसरी-चौथीतली असतील, दोन-दोनच्या रांगेत बाजारातून चालली होती. पुढे एक मॅडम, मागे मॅट्रन. सगळ्यांच्या अंगात नवे करकरीत रेनकोट, पुढची दोन वर्षं पुरावेत अशा मापाचे घेतलेले, त्यामुळे निम्म्यांच्या बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. वरून भुरभुर चालू. रांग रस्ता ओलांडत असताना एका मोठ्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटच्या पोरानं कानांवर हात घेतले आणि जागच्या जागी थांबलं. पुढची रांग गेली, हे रस्त्याच्या मधोमध. मॅट्रन मागे धावत आली, बखोट धरून त्याला घेऊन गेली. आणि तो गाडीवाला काच खाली करून, दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मला म्हणतो, "संडेला काय पोरं फिरवायची असतात का इथे?"

संडेलाच फिरवायची असतात, साहेब. तुमच्या घराण्यात कुणी गाडी बघितलीही नसेल तेव्हापासून या गावात पोरं रविवारी रांगेत बाजाराला येतात. मी त्याला प्रत्यक्षात काय बोललो ते लिहीत नाही, फ्रेंड लिस्टमध्ये मामा-मावश्या आहेत.

घरी आलो तरी डोक्यातून जाईना. राग हॉर्नचा नाही. राग त्या गृहीत धरण्याचा आहे, की पाचगणी म्हणजे आपण गाडीतून उतरून बघायची वस्तू आणि इथे आधीपासून जे काही चाललंय ते सगळं मध्ये येतंय.

हे गाव बघण्यासाठी वसलेलंच नाही, राहण्यासाठी वसलंय. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर, तायघाट या पाच गावांच्या मधली जागा हेरली, ती इंग्रजांना हवा खायला येऊन राहता यावं म्हणून. सिल्व्हर ओक त्यानंच लावले असं सांगतात. पण मला त्याची एक गोष्ट आवडते, ती कुठलाच गाईड सांगत नाही. बंगले बांधून भागत नाही, कपडे धुवायला परीट लागतो, शिवायला शिंपी लागतो, भाजीवाला, खाटीक, गवंडी लागतो, हे त्याला कळत होतं. म्हणून या सगळ्यांना त्यानं इथे बोलावून बाजाराच्या खालच्या अंगाला जागा दिली. तेच आमचं गावठाण. पुढे शाळा आल्या, १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयाच्या रोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं. रोगी यायचा तो महिनोन्‌महिने राहायचा, पोरगं यायचं ते मॅट्रिक होऊनच जायचं. दोन तासांसाठी इथे कुणी येत नव्हतं.

आमचं घर परटाचं. आईकडे एका बोर्डिंगचे कपडे असायचे. प्रत्येक कपड्याला आतून लाल दोऱ्यानं नंबर शिवलेला, त्यामुळे पोरांची नावं आईला ठाऊकच नसायची, सगळा हिशोब नंबरावर. उन्हाळ्यात काही नाही, पण जून लागला की खरी परीक्षा. इथल्या पावसात कपडा चार दिवस वाळत नाही, आणि नुसता ओला राहत नाही, त्याला वास मारायला लागतो. मग घरात कोळशाची शेगडी पेटायची, तिच्यावर बांबूची मोठी टोपली उलटी ठेवायची आणि टोपलीवर स्वेटर, मोजे, बनियनी पसरायच्या. दर पाच-दहा मिनिटांनी उलटायच्या, नाहीतर करपतात. आम्हा भावंडांचा पावसाळ्यातला अभ्यास म्हणजे एक डोळा पुस्तकात आणि एक डोळा दुसऱ्याच्या मोज्यांवर. अख्ख्या बोर्डिंगच्या युनिफॉर्मला धुराचा वास यायचा आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची.

एका पावसाळ्यात एकशेअठरा नंबर आला. दुबईहून आलेलं पोरगं, दुसरीतलं. पाऊस त्यानं धड बघितलेलाच नव्हता. त्याच्याकडे एकच जाड स्वेटर होता आणि तो आमच्या टोपलीवर होता. शाळेच्या शिपायाबरोबर मागायला आला. आई म्हणाली, "अजून ओला हाय, बस जरा." बसला शेगडीपाशी. शिपाई चहा प्यायला गेला तो तासाभरानं आला. तोवर या पठ्ठ्यानं नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली, नाकातोंडातून पाणी आलं, आणि पुन्हा मागितली. त्यानंतर त्याचा स्वेटर दर आठवड्याला ओला व्हायला लागला. आईला कळत होतं. ती काही बोलायची नाही, फक्त स्वेटर सगळ्यात शेवटी टोपलीवर टाकायची.

आता यात रम्य वगैरे काही नव्हतं. आईचे हात कोळशानं आणि सोड्यानं फाटलेले असायचे, आणि त्या शाळेत आम्ही फक्त गाठोडं घेऊन मागच्या दारानं जायचो. पुढच्या दारानं जायची फी आमच्याकडे नव्हती, आजही इथल्या बहुतेकांकडे नाही. देशभरातली पोरं शिकायला येतात त्या गावातली आमची पोरं कॉलेजला पसरणी घाट उतरून वाईला जातात, एसटीच्या दारात लोंबकळत. हे मला कुणी कमेंटमध्ये समजावू नये, मी त्याच एसटीनं गेलोय.

पण तरी सांगतो. त्या बोर्डिंगच्या पोरांचं आणि गावाचं काहीतरी होतं. एकशेअठरा चार महिन्यांत आमच्यासारखं बोलायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाऊन त्यानं आईवडिलांना जे शब्द ऐकवले, त्यावर शाळेत म्हणे पत्र आलं होतं. ते शब्द कुणी शिकवले ते मी सांगणार नाही. टेबल लँडवर आम्ही क्रिकेट खेळायचो, धुकं असं की बॉलरला बॅट्समन दिसायचा नाही, नुसता आवाजावर कॅच. बोर्डर, गावातली पोरं, घोडेवाल्यांची पोरं, सगळी एकात. आउट की नॉटआउट यावर भांडण सुरू झालं की कोण कुणाचा ते धुक्यात कळायचंही नाही.

तेच टेबल लँड आता "आशियातलं दोन नंबरचं पठार". हे कुणी मोजलं, देव जाणे. माणसं वर येतात, घोड्यावर बसून फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि विचारतात, "यहाँ और क्या है?" अहो, पायाखाली बघा. जांभा आहे, काळा-तांबडा, आणि पाऊस स्थिरावला की त्या दगडाच्या खळग्यांत नखाएवढी फुलं येतात. पण त्यासाठी बूड टेकवून बसावं लागतं. तेवढा वेळ कुणाकडे आहे? चारला मॅप्रो, पाचला सिडनी पॉइंट, सहाला महाबळेश्वर.

माझ्या दुकानात (झेरॉक्स-स्टेशनरी) दर शनिवारी कुणीतरी विचारतंच, 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याची शाळा कुठली? सांगतो, सेंट पीटर्स. जातात, गेटचा फोटो काढतात, जातात. फ्रेडी, म्हणजे खऱ्या नावाचा फरोख बलसारा, आठ वर्षांचा असताना झांझिबारहून बोटीनं इथे आला, एवढंसं पोरगं, आईवडील समुद्रापलीकडे. इथेच पियानो, इथेच मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड. कित्येक वर्षं तो या गावात राहिला, कित्येक पावसाळे काढले. त्याचेही मोजे कुणीतरी वाळवले असणार. गेटच्या फोटोत ते कसं येणार? आणि समजा तो आज रांगेत असता, शेवटचा, मोठ्या बाह्यांचा रेनकोट घालून, तर त्यालाही हॉर्नच ऐकू आला असता.

हो, कळतंय मला. पर्यटकांच्या पैशावर गाव चालतं, माझ्या दुकानाचंही वीजबिल त्यातनंच जातं. मान्य. पुढे.

खरं तर गाडीवाल्यापेक्षा आपल्याच लोकांचा जास्त राग येतोय, लिहिता लिहिता लक्षात येतंय. तो बिचारा पुण्याहून नाहीतर मुंबईहून येतो, घाटात दीड तास अडकतो, बायको-पोरं कावलेली, हॉटेलवाला फोन उचलत नाही. त्याला काय माहीत रांग कसली आहे ते. त्याला कुणी सांगितलंच नाही. बाजारात "येथे स्ट्रॉबेरी विथ क्रीम मिळेल" असे बोर्ड ढीगभर, पण "शाळेची पोरं रस्ता ओलांडतात, हळू" असा बोर्ड मला तरी एक दिसत नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी बोर्डिंगला दूध घातलं, पाव पुरवला, ट्रंका वाहिल्या, त्यांचीच पोरं आज रस्त्यावर उभी राहून गाड्यांना हात करतात, "पार्किंग आहे, रूम आहे, या." आणि रांग आली की तीच पोरं वैतागतात, कारण गिऱ्हाईक पुढे निघून जातं. मी आज उलट्या बाजूचे चेहरे बघितले. हॉर्न वाजल्यावर बाजारातल्या किती जणांनी मान वर केली? जाऊ दे.

शाळाही काही कमी नाहीत. कपडे आता मशीनमध्ये जातात, भाज्या टेम्पोनं खालून येतात, पोरांना बाजारात सोडणंही कमी केलंय, "ट्रॅफिक फार आहे" म्हणून. त्यांचंही चूक म्हणवत नाही. आज जे झालं ते बघून कुठली मॅट्रन पुढच्या रविवारी रांग काढेल? आणि रांग बंद झाली की संपलं. मग पोरं कंपाउंडच्या आत, गाव कंपाउंडच्या बाहेर, आणि दहा वर्षं इथे राहूनही त्यांना पाचगणीतला एक माणूस ओळखीचा नाही. तसं तर मग शाळा कुठेही चालेल की, इथेच कशाला?

२००१ मध्ये केंद्रानं महाबळेश्वर-पाचगणी इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केला. झाडं, डोंगर, बांधकाम, सगळ्याचे नियम आले, आणि यायलाच हवे होते, नाहीतर आतापर्यंत डोंगर उरला नसता. गावठाणात एक खोली वाढवायची तर कागदांचा गठ्ठा होतो, तरी मी बोलत नाही. पण झाडाला संरक्षण आहे तसं रविवारच्या रांगेला कुठे आहे? ती कुठल्या नकाशात रंगवणार?

एकशेअठराचं राहिलं. तो दहावी होऊन गेला, मग बरीच वर्षं पत्ता नाही. मग एकदा मोठ्या गाडीतून आला, बायको, दोन पोरं. गाडी गावठाणाच्या तोंडावर अशी लावली की अर्धा तास दुधाची रिक्षा आत येऊ शकली नाही. आईनं त्याला ओळखलं नाही. त्यानं शर्टाची कॉलर उलटी करून मान पुढे केली आणि म्हणाला, "मावशी, नंबर बघा." शर्टावर नंबर कुठला असायला, ब्रँडचं लेबल होतं. पण आईला कळलं. तिनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "स्वेटर आणलायस का?" भाकरी झाली, चटणी झाली. त्याच्या पोरांनी चटणीला बोटसुद्धा लावलं नाही. जाताना "गाव किती बदललं रे" म्हणून हळहळला, आणि गेल्या वर्षी खिंगरच्या बाजूला डोंगर उतारावर बंगला घेतला. वर्षातले दहा-बारा दिवस उघडा असतो. बाकीचे दिवस कुलूप, एक कुत्रा आणि वॉचमन.

आता याला मी कुठल्या खात्यात टाकू? आमचा आहे हो तो. आईच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता पैसे पाठवणारा, पाऊस सुरू झाला की "शेगडी पेटली का?" म्हणून मेसेज करणारा. आणि शनिवारी रात्री घाटात लागलेल्या रांगेतली एक गाडी त्याचीही असते. आज हॉर्न वाजवणारा तो नव्हता, तो वाजवणार नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. त्याच्या पोरांचं सांगता येत नाही.

असो. नुसतं चिडून उपयोग नाही म्हणून संध्याकाळी दुकान बंद करून अर्ज टाइप केला. मागणी साधी आहे. शाळा चालू असतील त्या महिन्यांत रविवारी दुपारी तीन ते सहा बाजाराचा रस्ता गाड्यांना बंद. गाड्या दांडेघरच्या बाजूला लावा, तिथून चालत या, नाहीतर रिक्षानं या, रिक्षावाल्यांचंही भलं होईल. ज्यांना थेट महाबळेश्वरला जायचंय त्यांनी जावं, त्यांना कोण अडवतंय. सोमवारी नगरपालिकेत देणार आहे. हॉटेलवाल्या मित्रांनो, तुम्ही शिव्या घालणार हे माहीत आहे, तीन तासांचा प्रश्न आहे, घाला. पण सही करा. माजी विद्यार्थ्यांच्या सह्या असल्या तर अर्जाला वजन येईल, म्हणून बेल-एअरच्या नर्सिंग कॉलेजच्या पोरींपासून परदेशात गेलेल्या बोर्डरांपर्यंत, ज्यांनी ज्यांनी इथे एक तरी पावसाळा काढलाय, त्यांनी नाव, गाव आणि वर्ष कमेंटमध्ये लिहा. मी प्रिंट काढून जोडतो. झेरॉक्सचे पैसे घेणार नाही.

पहिला फोन अर्थातच एकशेअठराला केला. सगळं ऐकून घेतलं त्यानं, हॉर्नचं ऐकून तर माझ्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या, त्याही आम्ही शिकवलेल्याच. म्हणाला, "माझी सही सगळ्यात वर घे." मग जरा थांबून विचारतो, "पण बंगलेवाल्यांना पास देतील ना रे?"

म्हटलं, सोमवारी सांगतो.