बोरोबुदूरला वर पोचायची घाई करू नका

बालीला जाऊन आलेलं कुणी ना कुणी आता प्रत्येक सोसायटीत सापडतं. त्याच बालीहून विमानाने दीडेक तासावर, इंडोनेशियाच्याच जावा बेटावर योग्यकार्ता शहर आहे आणि तिथून गाडीने तास-सव्वा तासात बोरोबुदूर हे जुनं, भव्य बौद्ध स्मारक. आम्ही सकाळी निघून संध्याकाळी परत आलो. तेव्हापासून जो भेटेल त्याला एकच सांगतेय: जरूर जा, पण वर पोचायची घाई करू नका.

फोटोत आपण बघतो ती वरची जाळीदार स्तूपांची रांग. असे ७२ स्तूप आहेत, प्रत्येकाच्या आत एकेक बुद्धमूर्ती, आणि लांबवर ज्वालामुखीचे डोंगर. दृश्य सुंदरच आहे, वाद नाही. पण बाराशे वर्षांपूर्वी जावावर राज्य करणाऱ्या शैलेंद्र राजांच्या काळात ज्यांनी हे उभारलं, त्यांनी माणसाने जिना चढून थेट तिथे यावं अशी रचनाच केलेली नाही. खाली चौकोनी मजले, वर तीन गोल. चौकोनी मजल्यांवर दोन्ही बाजूंना भिंती असलेले चार प्रदक्षिणापथ आहेत आणि त्या भिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. नुसते कथा सांगणारे शिल्पपट मोजले तरी १४६० भरतात! पूर्वेच्या दारातून आत शिरायचं, देवळात घालतो तशी प्रदक्षिणा घालत गोष्ट वाचायची, ती संपली की वरच्या मजल्यावर जायचं. सगळं वाचायचं तर दहा फेऱ्या होतात, त्यातल्या चार एकट्या पहिल्या मजल्यावर.

या पहिल्या मजल्याच्या मुख्य भिंतीवर वरच्या ओळीत १२० पटांत ललितविस्तर आहे, म्हणजे तुषित स्वर्गापासून वाराणसीच्या पहिल्या प्रवचनापर्यंतचं बुद्धचरित्र. सांगणाऱ्याला कसलीही घाई नाही. पहिले २७ पट तर सिद्धार्थाच्या जन्माच्या आधीचेच आहेत. मग मायादेवी लुंबिनीला निघते, पुढे म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी भेटतात, तलवारीने केस कापले जातात, सुजाता खीर आणते. आपल्याकडे ज्या घरांत हे चरित्र लहानपणापासून ऐकलं जातं, त्या घरातल्या माणसाला इथे गाइडची गरज पडणार नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या युरोपियन जोडप्याला मीच चार प्रसंग सांगितले, आणि ते सांगताना मला फार भरून आलं.

खालच्या ओळीत राजपुत्र सुधन आणि किन्नरी (अर्धी स्त्री, अर्धा पक्षी) मनोहरा यांची कथा आहे. मनोहरा आपल्या लोकांत परत गेलीय आणि सुधन तिला शोधत तिथवर पोचलाय. पाणवठ्यावर बायका तिच्या स्नानासाठी घागरी भरतायत आणि तिला ओळख पटावी म्हणून तो गुपचूप एका घागरीत अंगठी टाकतो. त्या बायकांच्या उभं राहण्यात, मानेच्या कलण्यात रोज पाणी भरणाऱ्या बाईची सवय आहे. ज्याने हे कोरलं त्याने गावातला पाणवठा नीट पाहिलेला होता. मी त्या एका पटापुढे बराच वेळ उभी होते.

आणि नेमका तेवढाच वेळ आता मिळत नाही. वर जायला वेगळं तिकीट, ठरलेली वेळ, छोटा गट आणि सोबत गाइड. २०२३मध्ये हे सुरू झालं तेव्हा दिवसाला १२०० माणसांचीच मर्यादा होती. पायात तिथल्याच कारागिरांनी बनवलेल्या मऊ तळाच्या ‘उपानत’ चपला घालाव्या लागतात, कारण बुटांनी दगडी पायऱ्या झिजत चालल्या होत्या. या नियमांवर कुरकुर करणारे पुष्कळ भेटले. माझं मत उलट आहे. हे स्मारक एकदा हातचं जाता जाता वाचलंय. चुना-सिमेंट न वापरता रचलेले दगड, आत मातीची टेकडी, त्यात मुरणारं पावसाचं पाणी, त्यामुळे भिंती कलल्या आणि शिल्पांवर शेवाळ धरलं. १९७५ ते १९८२ या काळात इंडोनेशिया सरकार आणि युनेस्कोने दहा लाखांहून जास्त दगड उतरवले, साफ केले, पाण्याचा निचरा करणारी व्यवस्था आत बसवली आणि दगड पुन्हा होते तसे रचले. एवढं करून वाचवलेली वास्तू आपल्या बुटांखाली झिजवायचा हक्क कुणालाच नाही. अजिंठ्यालाही गर्दीवर याहून कडक नियम आले तर मी आनंदाने रांगेत उभी राहीन.

माझा राग आहे तो सहलवाल्यांवर. एका दिवसात बोरोबुदूर, प्रंबाननची हिंदू मंदिरं, ज्वालामुखीची जीपसफारी आणि वर बाटिकची खरेदी! असं पॅकेज घेतलं की गाइड तुम्हाला जिन्याने सरळ वर नेतो, फोटो काढून देतो आणि खाली आणतो. त्यालाही दोष कसा द्यायचा, त्याच्या हातात वेळच तेवढा. आम्ही आमच्या गाइडला सुरुवातीलाच सांगितलं, की आम्हाला पहिल्या मजल्यावर रेंगाळायचंय, वर पाच मिनिटं मिळाली तरी चालतील. तो इतका खूश झाला, की शिल्पं दाखवताना थांबेचना.

खाली उतरल्यावर आग्नेय कोपऱ्याकडे जा. मूळ पायावर कर्मफळांची १६० शिल्पं आहेत, पण बांधकाम चालू असतानाच पायाभोवती दगडांचा जाड थर रचून ती झाकली गेली. १८८५मध्ये ती सापडली, कास्सियान सेफास या जावानीज छायाचित्रकाराने त्यांचे फोटो काढले आणि थर परत रचला. या कोपऱ्यात मात्र थोडी उघडी ठेवलीयत.

परतताना तीन किलोमीटरवरचं मेंदुत हे बौद्ध मंदिर चुकवू नका. आत तीन मीटर उंचीचा दगडी बुद्ध पाय खाली सोडून बसलाय, थेट वेरुळच्या दहाव्या लेण्यातल्यासारखा. जिन्याच्या कठड्यावर काठी तोंडात धरून हंसांबरोबर उडणारं कासव आहे. मुलं सोबत असतील तर ते त्यांनाच शोधू द्या. प्रंबाननसाठी मात्र दुसरा दिवस ठेवा आणि बोरोबुदूरचं वरचं तिकीट जाण्याआधीच ऑनलाइन काढा, शक्यतो सकाळच्या पहिल्या वेळेचं. दुपारी दगड फार तापतात.